हिरव्या झिलईची चिनी भांडी आणि त्यांच्या नोंदी

आपल्या घरांत भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. लग्नात आलेल्या पातेल्याच्या काठाखाली देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख टिंबाटिंबांनी कोरलेली असते. आपल्या वसतिगृहातील ताटवाट्यांवरही क्रमांक होते आणि आपले ताट दुसऱ्याच्या पुढे दिसले की पंगतीत वाद होत, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्या टिंबांकडे आम्ही तेव्हा कधी लक्षपूर्वक पाहिले नाही. पुढे उतारवयाकडे झुकताना आम्हाला एका अगदी दूरच्या भांड्यांचा नाद लागला. चीनमध्ये शतकानुशतके घडविली गेलेली हिरव्या झिलईची भांडी जमविण्याचा आणि अभ्यासण्याचा हा नाद आहे. जमविण्यासारखे आमच्या हाती फारच थोडे लागले. परंतु या भांड्यांच्या जगात भांड्याइतकेच, कित्येकदा भांड्याहूनही अधिक, मोल त्याच्याबरोबर आलेल्या नोंदीचे असते हे मात्र चांगले समजले. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा हेच सांगावे असे वाटले.

प्रथम नावाविषयी. या भांड्यांना इंग्रजीत आणि आता सर्वत्र ‘सेलाडॉन’ म्हणतात. बहुमान्य मत असे की, सतराव्या शतकातील ओनोरे द्युर्फे या फ्रेंच लेखकाच्या एका कादंबरीत सेलाडॉन नावाचा मेंढपाळ नायक आहे; तो फिकट हिरव्या फिती लावीत असे, म्हणून त्या रंगाला आणि मग त्या रंगाच्या भांड्यांना त्याचे नाव मिळाले. ज्या कुंभारांनी हजारो वर्षे ही भांडी घडविली त्यांना अर्थातच या नायकाची वार्ता नव्हती. चिनी भाषेत त्यांना ‘छिंग-त्सी’ म्हणतात. यातील ‘छिंग’ या शब्दात गवताचा हिरवा, आकाशाचा निळा आणि त्यांच्यामधल्या साऱ्या छटा सामावतात. त्यामुळे एखादे भांडे हिरवे म्हणावे की निळे, या आपल्या प्रश्नाला तेथे फारसा अर्थ उरत नाही.

हा रंग येतो लोखंडातून. झिलईसाठी राख किंवा चुनखडी, बारीक माती आणि दगडाची पूड पाण्यात कालवितात. या मिश्रणात लोहाचा अंश शेकडा एक ते तीन इतकाच असतो. भट्टीत मोकळी हवा खेळत राहिली तर तेच लोह झिलईला पिवळट किंवा तपकिरी करते. हवा कोंडली, ज्वाळेला प्राणवायू अपुरा पडू लागला, की ती ज्वाळा झिलईतील लोहाकडूनच प्राणवायू ओढून घेते आणि झिलई हिरवी होते. आपल्याकडील कुंभाराचे तांबडे मडके आणि काळे मडके यांतील फरकही बराचसा कोंडलेल्या धुराचाच असतो. चिनी कुंभाराला मात्र हे बाराशे अंशांहून अधिक उष्णतेत साधावे लागे आणि उष्णतामापक त्याच्यापाशी नव्हते. ज्वाळेचा रंग पाहून तो सरपण टाकी. डोंगराच्या उतारावर सापासारख्या चढत जाणाऱ्या लांबलचक भट्ट्यांना तेथे ‘ड्रॅगन भट्टी’ म्हणतात. अशा एका भट्टीत हजारो भांडी एकाच वेळी लागत. हवा थोडी अधिक गेली तर महिन्यांची मेहनत पिवळी पडे. भट्ट्यांच्या जागी उत्खननात निघालेले टाकाऊ खापरांचे ढीग पाहिले म्हणजे या कामात किती वाया जात असेल याची कल्पना येते.

एवढा खटाटोप कशासाठी? चीनमध्ये जेड या हिरवट दगडाला सोन्याहून अधिक मान होता. मऊ चकाकीचा, आतून उजळल्यासारखा वाटणारा हा दगड दुर्मीळ आणि कोरण्यास कठीण. मातीतून त्याचा भास उत्पन्न करणे ही कुंभारांची महत्त्वाकांक्षा होती. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू याने, चहा पिण्यासाठी कोणत्या भट्टीचा वाडगा चांगला याचीही चर्चा केली आहे. त्याने पांढऱ्या वाडग्यांपेक्षा युए भट्ट्यांच्या हिरव्या वाडग्यांना वरचे स्थान दिले. कारण पांढऱ्यात चहा तांबूस दिसतो आणि हिरव्यात हिरवा दिसतो.

या युए भट्ट्या चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील चच्यांग प्रांतात, आजच्या निंगपो बंदराच्या आसपास होत्या. हिरव्या झिलईचे प्राथमिक प्रयोग तीन हजार वर्षांहून जुने असले तरी पक्की, कठीण, पाणी न शोषणारी भांडी याच भागात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत तयार होऊ लागली. पुढे थांग राजवटीत युए भट्ट्यांचा लौकिक शिगेला पोहोचला. त्यांनंतर त्याच प्रांताच्या दक्षिणेकडील डोंगराळ लुंगछ्युएन भाग पुढे आला. उत्तरेकडे याओचौ आणि रू या भट्ट्या नावारूपाला आल्या. कोरियातील कुंभारांनी चिनी विद्या शिकून आपली स्वतंत्र हिरवी भांडी घडविली. हा सगळा इतिहास सांगण्याचा हा प्रसंग नाही. आम्हाला सांगायची आहे ती युए भांड्यांच्या एका शब्दाची कथा.

थांग आणि त्यानंतरच्या काळातील चिनी लेखनात ‘मी-से’ नावाच्या भांड्यांचा उल्लेख येतो. शब्दशः अर्थ ‘गुप्त रंग’. ही भांडी युए भट्ट्यांची आणि अत्युत्तम, एवढे कळत होते. पण ती नेमकी कोणती? सुंग काळातील काही लेखकांनी सांगितले की, दहाव्या शतकातील वू-युए राज्याच्या राजांनी ती स्वतःसाठी राखून ठेवली, प्रजेला वापरण्यास मनाई केली, म्हणून ती ‘गुप्त’. कोणी म्हणत, झिलईची कृती गुप्त होती. कोणी म्हणत, तो एका विशिष्ट छटेचा अर्थ आहे. युए भट्ट्यांची शेकडो भांडी संग्रहालयांतून आणि खासगी संग्रहांतून होती. परंतु त्यांतील एखाद्या भांड्यावर बोट ठेवून ‘हे मी-से’ असे खात्रीने म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. सुमारे हजार वर्षे हा शब्द एकीकडे आणि भांडी दुसरीकडे अशी स्थिती राहिली.

शानशी प्रांतात, शीआन शहराच्या पश्चिमेस फामेन नावाचे बौद्ध विहारस्थान आहे. भगवान बुद्धांच्या बोटाचा अस्थिधातू तेथे जतन केला आहे अशी परंपरा आहे आणि थांग सम्राट ठरावीक काळाने हा धातू राजधानीत आणवून त्याची पूजा करीत. ८७३ साली सम्राट यीत्सुंग याने तो आणविला. त्याच वर्षी सम्राटाचा मृत्यू झाला. ८७४ साली त्याच्या पुत्राने तो धातू अपार दानवस्तूंसह परत पाठविला, स्तूपाखालच्या भुयारी दालनात ठेवला आणि दालनाची दारे बंद झाली. वर पुढील काळात मिंग राजवटीत विटांचा उंच स्तूप उभा राहिला. १९८१ साली पावसाळ्यात या स्तूपाची अर्धी बाजू कोसळली. पुनर्बांधणीसाठी पाया मोकळा करताना, १९८७ साली, खालचे दालन सापडले. १११३ वर्षांनी दार उघडले गेले.

आत सोन्याचांदीची पात्रे होती, काचेची भांडी होती, रेशमी वस्त्रे होती, अस्थिधातूंच्या एकात एक बसविलेल्या मंजूषा होत्या. जगाचे लक्ष अर्थातच तिकडे गेले. परंतु आमच्यासारख्या भांडेवेड्यांच्या दृष्टीने तेथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक शिलालेख. दान ठेवणाऱ्यांनी कोणी काय दिले याची यादी दगडावर कोरून दालनाच्या वाटेतच ठेवली होती. या यादीत मी-से भांड्यांची स्पष्ट नोंद आहे: वाडगे सात, त्यांतील दोन चांदीच्या काठाचे, थाळ्या व बश्या मिळून सहा. एकूण तेरा. दालनात शोध घेतला असता हिरव्या झिलईची नेमकी तेरा भांडी मिळाली. सात वाडगे, त्यांतील दोघांना चांदीचा काठ, आणि सहा थाळ्या-बश्या. हजार वर्षे दुरावलेला शब्द आणि त्याचे भांडे यांची अशी गाठ पडली.

याखेरीज अष्टकोनी पैलूंची एक निमुळत्या गळ्याची बाटली तेथे वेगळी ठेवलेली आढळली. ती यादीत नाही. परंतु झिलई तीच असल्यामुळे अभ्यासक तिलाही मी-से मानतात. गंमत अशी की, तिच्याच घडणीच्या बाटल्या आधीपासून चीनमधील संग्रहालयांत होत्या. त्यांच्याकडे लोक ‘युए भट्टीची बाटली’ म्हणून पाहत होते. ज्याचा शोध चालला होता ते काचेच्या कपाटात समोरच उभे होते. ओळख पटवून देणारा कागद, किंवा या ठिकाणी दगड, तेवढा नव्हता. वू-युए राजांची कथाही या तारखेने मागे पडली. कारण ते राज्य ९०७ साली स्थापन झाले आणि दगडावरील नोंद ८७४ ची आहे.

आता क्षणभर असे समजा की, १९८७ पूर्वी एखादा चोर या दालनात शिरला असता. सोने त्याने वितळविले असते. तेरा भांडी तेरा गिऱ्हाइकांना विकली असती आणि त्यांना चांगले दामही मिळाले असते, कारण ती सुंदर आहेत. दगड मात्र त्याने तेथेच टाकला असता. तो जड आणि त्याला बाजारात भाव नाही. भांडी त्यानंतरही तितकीच सुंदर राहिली असती. पण ‘मी-से’ हा शब्द आजही कोडेच राहिला असता, आणि त्या तेरांपैकी एखादा वाडगा हाती घेऊन त्याचा मालक त्याच शब्दाविषयी वाद घालीत बसला असता. थडगी फोडून, जुनी स्थळे उकरून काढलेल्या भांड्यांचे हेच होते. चीनमध्ये अशी लूट पुष्कळ झाली आहे. आमच्यासारखा हौशी संग्राहक त्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला असतो, म्हणून त्याला आपले हात स्वच्छ वाटतात. तसे ते नेहमीच असतात असे म्हणता येणार नाही.

फामेनच्या या शोधाने पुढचे शोध शक्य केले. युए भट्ट्यांचे केंद्र असलेल्या शांगलिन सरोवराकाठी होउ-स्सी-आओ या जागी २०१५ पासून उत्खनन झाले आणि मी-से भांडी तेथे भाजली जात हे सिद्ध झाले. गुप्त कृतीचा उलगडाही बराचसा तेथेच झाला. भट्टीत भांडे थेट ज्वाळेत न ठेवता मातीच्या डब्यात ठेवीत, ही पद्धत सर्वत्र होती. परंतु साधारणतः हे डबे ओबडधोबड मातीचे असतात. येथे डबे आतल्या भांड्याच्याच बारीक, महागड्या मातीचे केले होते आणि झाकणाच्या सांध्यावर झिलई लावून ते बंद केले होते. भट्टी तापली की ही झिलई वितळून सांधा घट्ट मिटे. मग भट्टी निवत असताना बाहेरची हवा आत शिरून हिरवा रंग बिघडविण्याचा धोका राहत नसे. अडचण एकच: आतले भांडे काढायचे तर डबा फोडावाच लागे. प्रत्येक वाडग्यामागे तितकीच चांगली माती फोडून टाकलेली. सम्राटाच्या दानासाठी ही भांडी का निवडली गेली असतील ते या फुटक्या डब्यांकडे पाहून समजते.

युए भट्ट्यांनंतर लुंगछ्युएनचा काळ आला. दक्षिण सुंग राजवटीत (११२७ ते १२७९) तेथील कुंभारांनी झिलई एकदाच न लावता थरावर थर चढविण्याची युक्ती साधली. भांड्याची भिंत पातळ आणि झिलई जाड. या झिलईत असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असतात. प्रकाश त्यांच्यात विखुरतो आणि पृष्ठभागाखालून उजेड येत असल्यासारखा भास होतो. जेडची नक्कल इतकी साधली की पुढे लोक जेडच विसरले, असे आम्ही म्हणू; तज्ज्ञ कदाचित मान्य करणार नाहीत.

ही भांडी समुद्रमार्गे जगभर गेली. १९७५ साली दक्षिण कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात हिरवी भांडी आली. त्याचा भाऊ शाळेत शिक्षक होता. त्याने सरकारी कार्यालयास खबर दिली. पुढील वर्षापासून सुरू झालेल्या संशोधनात निंगपोहून जपानकडे निघालेले आणि चौदाव्या शतकात बुडालेले जहाज सापडले. त्यातून वीस हजारांहून अधिक भांडी निघाली, त्यांतील निम्म्याहून अधिक हिरव्या झिलईची. येथेही भांड्यांइतकीच महत्त्वाची ठरली ती लाकडाची लहान लहान पट्टे. मालाच्या पेट्यांना बांधलेल्या या पट्ट्यांवर माल कोणाचा हे शाईने लिहिलेले होते. त्यांवर १३२३ हे साल मिळाले आणि क्योतोच्या तोफुकुजी या बौद्ध विहाराचे नावही मिळाले. जहाजाचे साल कळल्यामुळे त्यातील प्रत्येक भांड्याचे साल कळले, आणि त्यासारख्या दिसणाऱ्या जगातील हजारो अनामिक भांड्यांना एक आधार मिळाला. त्या शिक्षकाने भांडी गुपचूप विकण्याचा विचार केला असता तर पट्ट्या समुद्रातच कुजल्या असत्या.

पश्चिमेकडे जाणारी जहाजे आपल्या किनाऱ्यावरून जात. कोकणातील चौल या जुन्या बंदराच्या उत्खननांत चिनी मातीच्या भांड्यांची खापरे मिळाली आहेत. अरबी-फारसी जगात हिरव्या भांड्यांना ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून ‘मर्तबानी’ म्हणत; हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात तो शब्द याच बंदराचा. भारतात अशा थाळ्या ‘घोरी’ या नावाने ओळखल्या जात आणि विषारी अन्न वाढले तर थाळी तडकते किंवा रंग बदलते, अशी समजूत राजघराण्यांत होती. झिलई ही एक प्रकारची काच आहे, तिला विषाची परीक्षा करता येत नाही. तरी ज्यांना आपल्याच स्वयंपाकघराची भीती वाटे त्यांनी ही भांडी जपून ठेवली हे खरे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही सुमारे १३५० हिरवी भांडी आहेत. इराणच्या शाह अब्बास याने १६११ साली अर्दबील येथील दर्ग्याला ११६२ चिनी भांडी अर्पण केली. त्यांवर त्याच्या दानाची मुद्रा कोरलेली आहे. मुघल बादशहांची नावे कोरलेली चिनी भांडीही ज्ञात आहेत. वसतिगृहातील ताटांची आठवण आम्हाला झाली ती येथे.

नोंद नसेल तेथे गोष्ट येते, आणि गोष्ट नेहमीच खोटी नसते, पण नेहमी खरीही नसते. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात लुंगछ्युएनचा एक वाडगा आहे. कमळाच्या पाकळीसारख्या सहा खाचांचा काठ, आकाशी झाक असलेली झिलई, आणि बुडाकडे तडा. त्या तड्यावर लोखंडी चिमटे ठोकून तो जोडला आहे. अठराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या हकिकतीनुसार, बाराव्या शतकातील जपानी सरदार तायरा नो शिगेमोरी याने निंगपोजवळच्या अशोक विहाराला सुवर्णदान केले आणि तेथील महास्थविरांनी परतभेट म्हणून हा वाडगा दिला. (होय, आपल्याच सम्राट अशोकाच्या नावाचा तो विहार आहे आणि आजही आहे.) पुढे पंधराव्या शतकात तो शोगुन आशिकागा योशिमासा याच्याकडे आला. त्याला तडा गेला होता म्हणून शोगुनाने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला. चीनकडून उत्तर आले की असे भांडे आता घडत नाही, आणि चिमटे मारून तोच परत आला. चिमटे टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याचे नाव ‘बाकोहान’ पडले. गोष्ट मोठी हृद्य आहे. मात्र वाडग्याची घडण तेराव्या शतकाची आहे असे अभ्यासक मानतात आणि शिगेमोरी ११७९ साली मरण पावला. तेव्हा पूर्वार्ध जुळत नाही. चिमटे मात्र खरे आहेत, ते डोळ्यांना दिसतात.

या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या संग्राहकांपैकी एक मुंबईत जन्मला, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईतील एका श्रीमंत ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी आयुष्यभर चिनी भांडी जमविली आणि ती वाचण्यासाठी चिनी भाषा शिकले. ‘वाचण्यासाठी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. ज्यांवर लेख आहेत, तारीख आहे, पूर्वीच्या मालकाची खूण आहे, अशा भांड्यांकडे त्यांचा ओढा होता. त्यांच्या संग्रहातील दोन निळ्या-पांढऱ्या सुरया जगप्रसिद्ध आहेत, कारण त्यांच्या गळ्यावर एका देवस्थानाला अर्पण केल्याचा १३५१ सालचा लेख आहे. मिंग काळात १३८८ साली लिहिलेल्या, प्राचीन वस्तू कशा पारखाव्यात याविषयीच्या ग्रंथाचा त्यांनी अनुवाद केला. सुमारे १७०० भांड्यांचा हा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात रू भट्टीची भांडीही आहेत. रू भट्टी उत्तर सुंग दरबारासाठी अगदी थोडा काळ चालली. जगात तिची शंभराहूनही कमी भांडी उरली आहेत. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात रू भट्टीचे कुंचले धुण्याचे १३ सेंटिमीटर व्यासाचे एक पात्र २९ कोटी ४० लाखांहून अधिक हाँगकाँग डॉलरला विकले गेले. अशा आकड्यांनी या छंदाचे फार नुकसान केले आहे असे आमचे मत आहे. आकडा ऐकला की प्रत्येकाला आपल्या फडताळातील हिरवा वाडगा शंकास्पद रीतीने मौल्यवान वाटू लागतो.

तसा तो आम्हालाही वाटला होता. काही वर्षांपूर्वी मुंबईतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात बाहेरून कमळपाकळ्या कोरलेला हिरवा वाडगा आम्ही पाहिला. दुकानदाराने सांगितले, कोकणातील एका जुन्या घराण्याचा आहे, सातशे वर्षांचा तरी असेल. किंमत आमच्या दीड महिन्याच्या पगाराइतकी. कोकण, जुने बंदर, चिनी जहाज, सारे आमच्या मनात आपोआप जुळत गेले. दुकानदाराला फारसे बोलावेही लागले नाही. वाडगा घरी आला. तीन-चार महिने तो आल्यागेल्याला दाखविला. मग एका परिचित अभ्यासकांकडे तो नेला. त्यांनी झिलईकडे पाहिलेसुद्धा नाही. वाडगा उलटा केला आणि बुडाची कडा खिडकीच्या उजेडात धरली.

लुंगछ्युएनच्या भांड्याच्या बुडाची कडा झिलईवाचून उघडी असते. भट्टी निवताना हवा लागून तेथील मातीतले लोह तांबूस होते. हा तांबूसपणा मातीतूनच येतो. झिलईच्या कडेशी तो गडद होत जातो, कोठे दाट तर कोठे विरळ असतो. आमच्या वाडग्यावर तो सर्वत्र सारखा होता, आणि भिंगातून पाहिल्यावर एका ठिकाणी कुंचल्याचा फटकारा स्पष्ट दिसला. रंग वरून दिला होता. आतल्या बाजूचे ओरखडेही एकाच दिशेचे होते. शतकानुशतके वापरलेल्या भांड्यावर ते सर्व दिशांना, कमीअधिक खोल असतात. एकाच दिशेचे ओरखडे खरकागदाचे. अभ्यासकांनी मग कपाटातून लुंगछ्युएनचे एक खापर काढून आमच्या हातावर ठेवले. तळहाताएवढाच तुकडा, पण त्याच्या फुटलेल्या कडेत सगळे दिसत होते: मध्ये फिकट करडी माती, दोन्ही बाजूंना झिलईचे थर, थरांतले बुडबुडे. ते आम्हाला म्हणाले, “अख्खे भांडे आपल्याला वरचेच दाखवते. शिकायचे असेल तर फुटके बघा.” त्या तासाभरात आम्ही जितके शिकलो तितके त्यापूर्वीच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो.

दुकानदाराने वाडगा परत घेतला नाही. आपण ऐकलेली गोष्ट सांगितली, एवढेच तो म्हणाला, आणि ते कदाचित खरेही असेल. वाडगा ज्याने घडविला त्या कुंभाराचा तर यात काहीच दोष नाही. लुंगछ्युएनच्या भट्ट्या मधल्या काळात मंदावल्या होत्या. १९५० च्या दशकात त्यांचे पुनरुज्जीवन झाले, आणि २००९ साली तेथील भाजण्याच्या विद्येचा युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आजचे कुंभार जुन्या घडणीची उत्तम भांडी उघडपणे नवी म्हणून विकतात. ती दोन-तीन हातांतून फिरली, बुडाला रंग लागला आणि जोडीला एखादे घराणे मिळाले, की सातशे वर्षांची होतात. शास्त्रीय चाचण्या आहेत. पण जुन्या भांड्याचे बूड नव्या अंगाला बेमालूम जोडून त्यांनाही चकविणारे लोक आहेत. कोणतीही एक खूण पुरेशी नसते.

ज्यांना ही भांडी पाहण्याची इच्छा आहे त्यांना विकत घेण्याची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी व जपानी कलावस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही चिनी भांडी पुष्कळ आहेत. मुलांना न्यावे. विकत घ्यायचेच असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात: हे कोठून आले, आणि त्याचा लेखी पुरावा काय? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला. त्यापूर्वीच भांडे मूळ देशाबाहेर आल्याचा कागद असेल तर जाणकार ते निर्धास्तपणे घेतात. आपल्या देशात पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही, हे परदेशी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आजीच्या लोणच्याच्या बरण्या आणून दाखविणारे आम्हाला अनेकदा भेटतात. तपकिरी खांद्याच्या त्या पांढऱ्या बरण्या बहुधा गेल्या शतकातील आणि देशातच घडलेल्या असतात. तरी ती बरणी कोणी, कोठून, कोणत्या साली आणली हे आजीला विचारून एका चिठ्ठीवर लिहून आत टाकावे असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. बहुतेकजण हसतात. दोघांनी तसे केले आहे.

आमचा तो वाडगा अजून घरी आहे. सध्या त्यात लिंबे असतात. त्याच्यावर नाव घालून घ्यावे म्हणून आम्ही तो भांड्यांच्या दुकानात नेला होता. नाव घालणाऱ्याने तो हातात फिरवून पाहिला आणि चिनी मातीवर यंत्र चालवायला ठाम नकार दिला. फुटला तर जबाबदारी कोणाची, असे म्हणाला. शेवटी न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने बुडाच्या आत आम्हीच लिहिले: घेतल्याचे साल, दिलेली किंमत, आणि त्याखाली ‘नवा आहे’.